परांची आणि रकाना

मराठीत काही शब्दजोड्या अशा रुळल्या आहेत, की पहिला शब्द उच्चारताच दुसरा आपोआप जिभेवर येतो. 'शेतकऱ्यांच्या आत्महत्या' ही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रुळलेली अशीच एक जोडी. तिच्याभोवती शासननिर्णय झाले, मदतीचे निकष ठरले, पात्र-अपात्र ठरवणाऱ्या समित्या बसल्या. 'बारोमास'सारख्या कादंबरीने त्या प्रश्नाच्या मुळाशी असलेले शेतीघरातले कुचंबणारे जगणे मध्यमवर्गीय वाचकाच्या दिवाणखान्यात आणून ठेवले. हे सारे पुरेसे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण निदान त्या दुःखाला नाव मिळाले. 'गवंड्याची आत्महत्या', 'सेंट्रिंगवाल्याची आत्महत्या' अशी जोडी मात्र आपल्या भाषेत नाही. त्याचा एक अर्थ असा होऊ शकतो, की ती घटना विरळ आहे. दुसरा अर्थ असा, की आपण ती वेगळ्याच नावाखाली मोजतो. माझ्या मते हा दुसरा अर्थ खरा आहे, आणि या लेखाचे प्रयोजनही तेच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातल्या आत्महत्यांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. 2014 साली त्यात 'रोजंदारीवर काम करणारे' हा गट एकूण आत्महत्यांच्या 12 टक्के होता. 2021 साली देशात 1,64,033 आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी 42,004, म्हणजे 25.6 टक्के, या एका गटातल्या होत्या. दर चार माणसांमागे एक. या वाढीत नोंद करण्याच्या पद्धतीचाही काही वाटा असू शकतो, हे मान्य करूनही आकडा अंगावर येतो. शेतमजुरांची मोजणी या गटाबाहेर, स्वतंत्रपणे होते. उरतात ते हमाल, वेठबिगारासारखे राबणारे, नाक्यावर उभे राहणारे आणि अर्थातच बांधकाम मजूर. शेती सोडून हातावर पोट असलेल्या माणसाला सर्वांत सहज सामावून घेणारा धंदा बांधकामाचा. तरीही बांधकामाचा असा वेगळा रकाना त्या तक्त्यात नाही. गावाकडे दोन एकर कोरडवाहू असलेला माणूस एसटीत बसून शहरात आला, की तो एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो. त्याची उधारी, त्याची काळजी, त्याची झोप न लागणे हे सगळे त्याच्याबरोबर एसटीत बसून आलेले असते. बदलतो तो फक्त रकाना.

माझी निम्मी हयात पुण्याच्या आसपासच्या साइटींवर, स्थापत्य अभियंता म्हणून गेली. साइट म्हणजे काय, हे इमारत पूर्ण झाल्यावर तिथे राहायला येणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण तोवर साइट नाहीशी झालेली असते. पत्र्याच्या खोल्यांची रांग, चार्जिंगला लटकणारे मोबाइल, पाण्याच्या टाकीपाशी सकाळची झुंबड. हजेरी, खाडा, उचल, खर्ची आणि हिशेब हे पाच शब्द ज्याला कळले त्याला तिथले अर्थशास्त्र कळले. मुकादम गावाकडे जाऊन उचल देतो आणि माणसे आणतो. कामावर आल्यावर आठवड्याला मिळते ती खर्ची : तेल-मीठ-पीठ भागेल एवढी रक्कम. बाकीची मजुरी वहीत साठत राहते आणि हिशेब होतो काम संपल्यावर, किंवा गावी जाताना. म्हणजे माणूस राबून मुकादमाला एका अर्थी कर्ज देतो, आणि तरी वहीत ऋणको तोच असतो. ही वही ज्याच्या हाती, त्याला नाराज करण्याची ताकद कोणात नसते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा खर्ची थांबली, हिशेब लांबला आणि हजारो माणसे चालत निघाली. ती करोनाला भ्यायलेली होती हे अर्धसत्य आहे. खर्चीविना शहरात एक आठवडाही काढता येत नाही, हे उरलेले सत्य.

एका साइटवर फरशी बसवणारा एक कारागीर होता. मराठवाड्यातला, चाळिशीचा, हाताला अतिशय सफाई असलेला. त्याच्या हाताखालचा पोरगा त्याला 'मामा' म्हणे. नात्याने तो मामा नव्हता; पण साइटवर अशीच नाती जोडली जातात आणि ती खोटी नसतात. शेवटच्या पंधरवड्यात मामा इतरांबरोबर चहाला येईनासा झाला. चेष्टामस्करी थांबली. रात्री खोलीबाहेर बसून राही. एके दिवशी त्याने आपली थापी, ओळंबा आणि गुण्या त्या पोराला देऊन टाकला आणि म्हणाला, "आता तूच वापर." पोराला आनंद झाला. हत्यारे मिळणे म्हणजे कारागीर झाल्याची पावतीच. दोन दिवसांनी मामा गेला. पंचनाम्यात धंदा 'मजुरी' आणि कारण 'घरगुती' असे लिहिले गेले. ठेकेदाराच्या माणसांची पहिली विचारपूस, ही घटना कामाच्या वेळेत आणि कामाच्या जागी घडली का, एवढीच होती. नव्हती घडली, त्यामुळे साइटच्या दृष्टीने तो अपघात नव्हता आणि नोंदवहीत त्याला जागा नव्हती. गेल्या कित्येक महिन्यांचा त्याचा हिशेब बाकी होता, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत होती. कुठल्याही कागदावर मात्र ती नव्हती.

'घरगुती कारण' हा शब्द मला तेव्हापासून छळतो. 2021 च्या त्याच अहवालात कारणांमध्ये 'कौटुंबिक समस्या' 33.2 टक्के आणि 'आजारपण' 18.6 टक्के आहेत; कर्जबाजारीपणा 3.9 टक्क्यांवर आहे. पण आठ महिने घरी पैसे न पाठवू शकलेल्या माणसाचे बायकोशी फोनवर भांडण होते, तेव्हा ते भांडण कौटुंबिक म्हणायचे की आर्थिक? पाठ धरल्यामुळे काम मिळेनासे झालेला गवंडी दारूकडे वळतो, तेव्हा कारण आजाराचे, व्यसनाचे की बेकारीचे? आत्महत्येला बहुधा एकच कारण नसते. रकान्यात मात्र एकच खूण करता येते, आणि ती खूण बहुतेक वेळा घराच्या उंबऱ्याआत पडते. साइट निर्दोष सुटते.

दुर्खीमने 1897 सालच्या आपल्या ग्रंथात आत्महत्येची मुळे माणसाच्या समाजाशी असलेल्या बंधांत शोधली. ते बंध विरले की माणूस उघडा पडतो, हा त्याचा सिद्धान्त मला आपल्याकडच्या गिरणी कामगाराच्या संदर्भात नेहमी आठवतो. नारायण सुर्व्यांची कविता किंवा जयंत पवारांचे 'अधांतर' वाचताना जाणवते, की गिरणगावातला माणूस गरीब होता, पिचलेला होता, 1982 च्या संपाने उद्ध्वस्तही झाला; पण त्याच्याभोवती चाळ होती, खानावळ होती, भजनी मंडळ, व्यायामशाळा, युनियन आणि गणेशोत्सव होता. गिरणी वर्षानुवर्षे एका जागी उभी असे आणि तिच्या सावलीत ही सारी झाडे वाढली. बांधकाम मजुराच्या बाबतीत कामाची जागाच संपण्यासाठी असते. काम चांगले झाले म्हणजे ती लवकर संपते. शेजारी, ओळखीचा दुकानदार, मुलांची शाळा, सगळे दर दीड-दोन वर्षांनी मोडते. अशा माणसाची कविता कोणी लिहावी? त्याचा वाचक आणि त्याचा कवी, दोघेही त्याला एका पत्त्यावर सापडत नाहीत.

आमच्या पिढीने तरुणपणी काम्यूचा 'मिथ ऑफ सिसिफस' भक्तिभावाने वाचला. आत्महत्येच्या प्रश्नापासून सुरू होणारा तो 1942 चा निबंध थोर आहे, यात शंका नाही. पण साइटवर घमेली वाहणाऱ्या माणसांकडे पाहत असताना तो मला फार अपुरा वाटत गेला. सिसिफस एकटा आहे. त्याने उचल घेतलेली नाही. त्याच्या शिळेवर बायकामुलांचा महिना अवलंबून नाही. त्याला निदान आपली टेकडी कायमची मिळालेली आहे. इथे शिळा वर पोचते, तिथे घट्ट बसते, तिच्यावर संगमरवर चढतो आणि मग दारावरचा रखवालदार ती शिळा वाहणाऱ्यालाच आत सोडत नाही. या माणसाला जगण्याचा अर्थ शोधण्याचा सल्ला देण्याआधी त्याचा हिशेब चुकता केला पाहिजे, असे मला नम्रपणे वाटते.

हा प्रश्न केवळ आपल्या दारिद्र्याचा आहे, असाही समज नको. इंग्लंडमधल्या 2011 ते 2015 या काळातल्या नोंदींवरून तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने काढलेला निष्कर्ष असा, की अकुशल पुरुष मजुरांमध्ये, विशेषतः बांधकामावरच्या, आत्महत्येचा धोका पुरुषांच्या राष्ट्रीय सरासरीच्या तिप्पट होता. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यातल्या बांधकाम कामगारांच्या आत्महत्यांचा अभ्यास झाला आणि त्यातून 2008 साली 'मेट्स इन कन्स्ट्रक्शन' हा उपक्रम सुरू झाला. त्याची रीत मला फार शहाणपणाची वाटते. साइटवरच्या सगळ्यांना थोडक्यात माहिती द्यायची : माणूस गप्प होणे, वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा बोलणे याचा अर्थ काय असू शकतो. मग स्वखुशीने पुढे येणाऱ्या काहींना अधिक प्रशिक्षण द्यायचे. त्यांच्या हेल्मेटवर एक खुणेचे लेबल असते. डॉक्टर होणे हे त्यांचे काम नाही. सोबत्याला एकटे न सोडणे आणि मदत करणाऱ्यापर्यंत पोचवणे एवढेच त्यांचे काम. त्या फरशीवाल्या पोराला हत्यारांच्या त्या भेटीचा अर्थ कोणी आधी सांगितलेला असता, तर त्याच्या हाती निदान एक प्रश्न असता.

ही रीत इथे जशीच्या तशी उचलून आणता येईल का? एक अडचण मोठी आहे. तिथला 'मेट' बरोबरीचा. इथे मजुराच्या भाषेचा, गावचा, सर्वांत जवळचा माणूस बहुधा मुकादमच. आणि वही त्याच्याच हाती. ज्याच्याकडे पैसे अडकले आहेत, त्याच्यापाशी मन कसे मोकळे करणार? म्हणून आपल्याकडे मनाचे आरोग्य हा विषय मजुरीपासून तोडता येत नाही. खर्चीऐवजी आठवड्याची पूर्ण मजुरी थेट मजुराच्या हातात पडणे, ही माझ्या लेखी आत्महत्या-प्रतिबंधाची पहिली पायरी आहे. हेल्मेटवरचे लेबल ही दुसरी.

कायद्याच्या अंगाने थोडे बोलायला हवे. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली स्वतंत्र कायदा झाला आणि बांधकामखर्चावर उपकर बसवून कल्याण मंडळांची सोय झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांत तो कायदा विलीन झाला असला, तरी उपकर आणि मंडळे ही व्यवस्था कायम आहे. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज नवा मालक असलेल्या माणसाने तो कुणाकडून आणावा? दुसरी गोष्ट पोलिसांच्या भीतीची. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, ही समजूत साइटवर इतकी पक्की आहे, की वाचलेल्या माणसालाही सोबती दवाखान्यात न्यायला कचरतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली. जुने 309 कलम तर जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. ही बातमी परांचीपर्यंत पोचलेली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली 'टेलिमानस' ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत मिळते. बंगालमधून आलेल्या प्लास्टरवाल्याला आपल्या भाषेत बोलता येणे ही लहान गोष्ट नव्हे. साइटच्या दारावर 'सुरक्षा प्रथम' अशी पाटी असतेच. तिच्याखाली हा क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवायला एका डब्याचाही रंग लागत नाही.

'साइटवर हे सगळे कोण करणार?' असे विचारणाऱ्यांना एक दाखला द्यावासा वाटतो. 1969 साली दिल्लीत राजघाटापाशी गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. मजूर बायांची तान्ही मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केले. 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था तिथून उभी राहिली आणि पुढे मुंबई-पुण्यातल्या साइटींवरही ती कल्पना रुजली. बांधकामावर पाळणा ही गोष्ट त्याआधी कुणाच्या नकाशात नव्हती. साइट चालते आणि संपते, म्हणून काळजीही चालती असली पाहिजे, हे त्या तंबूने दाखवून दिले. मोठ्या माणसांच्या मनासाठी असा एखादा तंबू अशक्य आहे, असे मी मानत नाही.

जाता जाता दोन व्यावहारिक गोष्टी. मरणाचे विचार मनात येतात का, असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो, ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते. साइटवर कोणी 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. 'टेन्शन आहे', 'डोकं चालत नाही', 'कामात मन नाही', 'झोप येत नाही' असेच म्हणतात, आणि ते तेवढ्याच गांभीर्याने ऐकावे लागते. दुसरी गोष्ट आपणा वाचकांची. आपल्या घरीही कधी रंगवाला येतो, कधी फरशीवाला, कधी प्लंबर. ठेकेदाराला एकरकमी पैसे देताना त्या माणसाला त्याचे पैसे मिळाले का, हे त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे; त्याला नावाने हाक मारावी; आणि तो गप्प वाटला तर दोन मिनिटे थांबून विचारावे. उत्तर मिळेलच असे नाही. तरी विचारावे.