जलतरंग आणि यंत्राचा ठेका

वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांतील ‘उदकवाद्य’ म्हणजे आपलें जलतरंगच, असें हें वाद्य वाजविणारे अभिमानानें सांगतात. जयमंगला टीकेचा कर्ता मात्र पाण्यावर मृदंगाप्रमाणें वादन करणें, असा अर्थ देतो. आम्हांस त्याचाच पक्ष बळकट वाटतो. असो. शाळेच्या नोकरींतून मोकळे झाल्यापासून चिनी मातीचीं हीं भांडीं आमचीं सोबती झालीं आहेत, एवढें खरें.

या वाद्यास साथ हवी, आणि रेवदंड्याच्या किनाऱ्यावर तबलजी मिळणें म्हणजे भाद्रपदांत हापूस मिळण्यासारखें. आमचे एक स्नेही वीस वर्षें आमच्याबरोबर बसत. गेल्या वर्षीं संधिवातानें त्यांचीं बोटें आखडलीं. देवळांतील उत्सव तोंडावर आला, तेव्हां नातवानें मोबाइल पुढें केला. त्यांत कोणा कसबी वादकाचे बोल ध्वनिमुद्रित करून ठेविलेले असतात. हवा तो ताल, हवी ती लय, हवी ती पट्टी. बंगळूरचे बासरीवादक व अभियंते जी. राज नारायण यांनीं १९७९ सालीं विजेचा तंबोरा सिद्ध केला, त्याच कुळींतलें हें. पश्चिमेकडे तर मरिंबा नामक लांकडी पट्ट्यांच्या वाद्यावर एकटा वादक आधीं मुद्रित केलेल्या विजेच्या ध्वनींबरोबर वाजवितो, व त्याकरितां स्वतंत्र रचना लिहिल्या जातात. पण तेथें यंत्राचा भागही रचनाकारानेंच योजिलेला असतो. आमचें वादन आयत्या वेळीं सुचणारें.

जलतरंगांत पाणी वाढलें कीं स्वर उतरतो, घटलें कीं चढतो. लहान भांड्यांत दोन थेंबांचाही फरक कानास कळतो. कुंडलिकेच्या खाडीवरून वारा सुटला, कीं वाजवितांना मध्येंच पळीनें पाणी घालावें लागतें. आमचे स्नेही तें पाहतांच एखादा तुकडा वाजवून तेवढी जागा भरून काढीत. यंत्रास डोळे नाहींत. सोळा मात्रांचा त्रिताल तें बिनचूक देतें. पण तिहाई समेवर आली तरी त्यास आनंद नाहीं, हुकली तरी खेद नाहीं. तथापि त्याची निंदा करणें अन्यायाचें होईल. पहांटे चार वाजतां कोणता तबलजी आपल्या ओटीवर येऊन बसणार? शिवाय माणूस भिडेखातर सांभाळून घेतो, तसें तें घेत नाहीं. लय किंचित् धांवली कीं तत्काळ उघडी पडते.

स्नेह्यांस बोलवावें कीं नाहीं, याचा आम्हांस आठ दिवस घोर होता. ज्याची जागा मोबाइलनें घ्यावयाची, त्यालाच तें बसून पाहावयास लावणें बरें काय? ते मात्र न बोलावतां आले. आमच्यापुढील मोबाइल उचलून त्यांनीं लय थोडी उतरविली व म्हणाले, “मास्तर, पाणी घालायला उसंत नको का?” मग पहिल्या रांगेंत जाऊन बसले.

आम्हीं भूप धरला. मध्यें पळी उचलली तेव्हां ठेका आपला चाललाच होता, आणि आम्हांस मात्रांचें भान राहिलें नाहीं. वर पाहिलें, तों त्यांचा आखडलेला हात गुडघ्यावर ताल धरीत होता. तळवा उलटा होऊन खाली दाखविली गेली. तेथून मात्रा मोजून आम्ही समेवर आलों.