चातुर्मासातले सोबती

पावसाळ्यात सायकलवरून लांबच्या प्रवासाला निघणे शहाणपणाचे नव्हे, हे आम्हांस पुष्कळांनी सांगितले होते. (येथे 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. सत्तावीस वर्षे सरकारी टिपणे लिहून 'मी' म्हणण्याची सवय मोडली आहे.) पण 2025 साली 15 ऑगस्ट शुक्रवारी आला, पुढे शनिवार-रविवार होते, आणि जबलपुरात तीन वर्षे काढूनही नर्मदेचा उगम आम्ही पाहिला नव्हता. अमरकंटक तेथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. दुसरेही एक कारण होते. निवृत्तीला वर्ष उरले होते आणि पेन्शनच्या कागदांत 'निवृत्तीनंतरचा पत्ता' असा एक रकाना होता. वाईचे घर आईच्या मागे विकले गेले. महिनाभर तो रकाना कोराच राहिला होता. त्याच्यापासून चार दिवस दूर जावे, असेही मनात होते.

पहिला दिवस कुंडमवरून शहापुऱ्यापर्यंत ठीक गेला. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामामुळे वाहतूक एका कच्च्या वाटेने वळवलेली होती. पावसाने भिजलेली काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी चिकटून बसली की सायकल ढकलणेही अशक्य झाले. आम्ही काटकीने माती उकरीत असता मागून एक दूधवाला आला. त्याच्या सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे डबे होते, पण मडगार्ड मुळीच नव्हते.

"मडगार्ड निकाल दो, साहब," तो म्हणाला. पाना त्याच्यापाशीच होता. दहा मिनिटांत दोन्ही मडगार्ड कॅरियरला बांधून तो निघूनही गेला. पुढे आमच्या पाठीवर चिखलाची सरळ रेघ उमटत गेली, पण चाक फिरू लागले. चिखल अंगावर येऊ नये म्हणून जे बसवले होते, त्यानेच आम्हांला चिखलात अडकवले होते.

दिंडोरी पंधराएक किलोमीटर राहिली असता पावसाने पुढचे दिसेनासे केले. रस्त्याकडेला एक लहानशी धर्मशाळा होती. ओसरीवर पाऊल ठेवताच आतून "नर्मदे हर!" असा आवाज आला, आणि आमचे भिजलेले ध्यान पाहून तोच आवाज स्वच्छ मराठीत म्हणाला, "अगोबाई, आधी डोके पुसा!"

सांगलीकडचे वृद्ध जोडपे होते. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. परिक्रमेची ओढ त्यांना फार जुनी, विद्यार्थिदशेत गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचल्यापासूनची. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवून चालायचे, तिचे पात्र ओलांडायचे ते केवळ समुद्राच्या मुखाशी, नावेने. आणि चातुर्मासात एका जागी आसन लावायचे, असा नेम. नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर. दोन्ही काठ धरले म्हणजे वाट दुपटीच्याही पुढे जाते. ती दोघे दक्षिण काठ संपवून उत्तर काठाने अमरकंटककडे चालली होती. म्हणजे दिशा आमचीच, आणि न कळत नर्मदा आमच्याही उजव्या हाताला होती.

सदावर्तातल्या पिठाची भाकरी वाढताना बाईंनी विचारले, "तुम्ही मूळचे कुठले म्हणायचे?"

"वाईचे," असे म्हणण्यास तोंड उघडले आणि शब्द बाहेर येईना. मग आम्ही बदल्यांची यादीच सांगितली: रायपूर, झाशी, पाटणा, कटक, भोपाळ, दिल्ली, जबलपूर. सांगताना थोडे हसलोही. बाई हसल्या नाहीत. बोटांवर मोजीत त्या म्हणाल्या, "सात मुक्काम झाले की."

"मुक्काम कसले, बाई! घरी जायचे राहिले, तेवढे दिवस."

त्या थोडा वेळ चुलीकडे पाहत राहिल्या. "मीही येथे पहिले पंधरा दिवस नुसते मोजले," त्या म्हणाल्या. "पावसाने आमचे चालणे बुडवले, असे वाटे. मग हे म्हणाले, परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची म्हणतात, त्यात चातुर्मास धरूनच ना? तेव्हापासून गावातल्या चार मुलींना बेरीज शिकवते आहे. आता कार्तिकी फार लवकर येते आहे."

आम्हांला वडिलांची पत्रे आठवली. प्रत्येकात 'केव्हा येणार?' आणि आमच्या प्रत्येक उत्तरात 'पुढल्या बदलीनंतर'. पाटण्यात आमची मुलगी जन्मली, कटकात ती चालायला लागली. ते दिवसही आम्ही वजाबाकीतच मांडले होते.

दुसऱ्या दिवशी दिंडोरीच्या पुढे एका रपट्यावरून कमरेइतके पाणी वाहत होते. आम्ही परत फिरलो. उगम राहिला.

कार्तिकी एकादशीनंतर गुरुजींचा निरोप आला: आसन उचलले, मुली वेशीपर्यंत पोचवायला आल्या होत्या. तोवर आमचा रकाना भरून झाला होता. जबलपुरातच दोन खोल्यांचे घर पाहिले आहे. वर्षातून एकदा वाईला जाऊ, कृष्णेच्या घाटावर बसू, आणि परत येऊ.

मडगार्ड अजून बसवलेले नाहीत.