चार बोटांच्या उंचीवरून

खेळण्यांतल्या मोटारींच्या शर्यतीचा एक संगणकी खेळ आम्ही कित्येक वर्षें आवडीनें खेळत आहों, आणि तो आमच्या वयास शोभत नाहीं हें तितकींच वर्षें ऐकत आहों. खेळाचें नांव 'री-व्होल्ट'. अ‍ॅक्लेम कंपनीच्या लंडन येथील मंडळीनें तो रचिला व १९९९ सालीं तो बाजारांत आला. कंपनी २००४ सालीं दिवाळ्यांत गेली. पण चाहत्यांनीं खेळाची डागडुजी चालूं ठेविली, म्हणून तो आजच्या यंत्रावरहि सुखानें धांवतो. पुजारी गांव सोडून गेला तरी शेजारपाजारच्यांनीं देवळांत दिवा लावीत राहावें, तशांतला हा प्रकार.

शर्यतीचे दुसरे खेळ आम्हीं पाहिले आहेत. त्यांत कोट्यवधि रुपयांची मोटार घटकाभर उसनी मिळते, आणि यंत्र बंद केलें म्हणजे दारांतली आपली दुचाकी उगीच केविलवाणी दिसूं लागते. येथें तें दुःख नाहीं. येथील मोटार हातभरहि लांब नाहीं. बिनतारी संदेशावर चालणारी, डोक्यावर तारेची काडी डुलवीत जाणारी. ती घरांपुढच्या रस्त्यावरून, वाणसामानाच्या दुकानांतून, वस्तुसंग्रहालयांतून, एके ठिकाणीं तर आगबोटीवरूनहि धांवते, आणि आपली दृष्टि तिच्यामागोमाग जमिनीपासून चार बोटांवर येते. पायरीचा कडा होतो. वाटेंतला चेंडू म्हणजे बोरघाटांत कोसळलेली दरड! मोठें होण्याचे उपाय जगांत सर्वच सांगतात. लहान होण्याचा आम्हांस हा एवढाच सांपडला.

शस्त्रेंहि तशींच. पाण्याचे फुगे, दारूचे बाण, मागें सांडावयाचें तेल. होळी आणि दिवाळी एकाच दिवशीं. एका मोटारीचें नांव तर 'पंगा' आहे. तें वाचून परमुलुखांत गांवचा माणूस भेटल्यासारखें वाटलें. शेवटच्या वळणापर्यंत पुढें असावें, आणि पाठीमागून बाण येऊन आपली मोटार चाकें वर करून पडावी, हें येथें नित्याचें. पण एक कळ दाबली कीं ती पुनः सुलट. पंचनामा नाहीं, रुग्णालय नाहीं.

त्या कळेचें मोल मोहोपाड्यांत राहणारास सांगावें लागत नाहीं. १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना रसायनीस उभा राहिला, पाताळगंगेच्या परिसरांत दुसरेहि आले. त्यांवर अनेकांचे संसार चालले, हें आम्ही विसरत नाहीं. त्या सरकारी कारखान्यास टाळें लावण्याचें २०१७ सालीं ठरलें, पण दांडफाट्याकडून येणारे टँकर कांहीं थांबले नाहींत. त्या रस्त्यावर काठीनें जुना टायर पळवीत जाणें आतां कोणतीहि आई आपल्या मुलास करूं देत नाहीं.

या खेळांत स्वतः मार्ग रचण्याचीहि सोय आहे. सरळ रस्ता, वळण, चढ असे ठरीव तुकडे जोडीत जावयाचें. परवां पुतण्यानें आमच्या आळीचा मार्ग जुळविला. मारुतीचें देऊळ आणि पिंपळ त्यांत बसेनात, तेव्हां त्यांच्या जागीं एकेक वळण दिलें. मग तो म्हणाला, "काका, टँकर कुठून येऊं दे?"

"टँकर नको," आम्ही म्हणालों.

त्यानें जरासा विचार केला, मान डोलावली, आणि 'पंगा' आपल्याकडे घेऊन शर्यत सुरू केली.