शाहीर अमर शेख आणि त्यांचे साथी

उर्दूत आपण ज्याला शायर म्हणतो, त्याच शब्दापासून मराठीत ‘शाहीर’ हा शब्द आला. शाहिराच्या हातातला डफ म्हणजे आपला दफ. परंतु शायर आणि शाहीर यांच्यात एक मोठा फरक आहे. शायर मुशायऱ्यात एकटा उभा राहतो, आपले कलाम पेश करतो आणि दाद घेऊन खाली बसतो. शाहिराला एकटे उभे राहता येत नाही. त्याच्या मागे तुणतुणे वाजवणारा लागतो, झांज वाजवणारा लागतो आणि पोवाड्याची कडी संपली की ‘जी जी रं जी’ म्हणून सूर उचलून धरणारे साथी लागतात. या सूर धरण्याला झील म्हणतात आणि तो धरणाऱ्यांना झीलकरी. म्हणूनच शाहीर हा खरे तर कव्वालाच्या अधिक जवळचा आहे. कव्वालीच्या जाहिरातीत मोठ्या कव्वालाच्या नावापुढे ‘व हमनवा’ असे लिहिलेले असते. हमनवा म्हणजे सुरात सूर मिसळणारे. नाव एकाचे होते, पण गाणे सगळ्यांचे असते.

मी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांना अमर शेख हे नाव सहसा ठाऊक नसते. त्यांची माहिती सांगितली की मुले पहिला प्रश्न हमखास विचारतात, “टीचर, ते खरेच मुसलमान होते?” हा प्रश्न मला आवडत नाही, पण मुलांच्या मनात तो का येतो हे मला कळते. मराठी म्हणजे दुसऱ्यांची भाषा, आपण ती पास होण्यापुरती शिकायची, असे त्यांना वाटत असते. खरे तर आमच्या घरात जी कोकणी बोली बोलली जाते ती मराठीच्या इतकी जवळची आहे की बाजारात, एस.टी.त, कोळणीशी मासळीचा भाव करताना आम्हाला कधी दुभाष्या लागला नाही. तरीही मला कोणी “तुमचे मराठी छान आहे हो” असे म्हणाले की माझ्या मनात येते, हे वाक्य शेजारच्या बाईंना कोणी का म्हणत नाही?

अमर शेखांना असे प्रशस्तिपत्रक कोणाकडून घ्यावे लागले नाही. ते थेट गाऊ लागले.

त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. आईचे नाव मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यांना या आईकडूनच मिळाला. पोटासाठी त्यांनी मोटारगाडीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत मजुरी केली. गिरणीच्या संपात ते पुढे झाले आणि विसापूरच्या तुरुंगात जाऊन आले. नंतर ते कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या चित्रपटसंस्थेत गेले. तिथेच त्यांना ‘अमर शेख’ हे नाव मिळाले असे सांगतात.

या नावाविषयी थोडे सांगायला हवे, कारण वर्गात त्यावरून नेहमी वाद होतो. मेहबूब हे सुंदर नाव बदलायचे काय कारण, असे मुली विचारतात. त्या काळी सिनेमाच्या जगात नावे बदलण्याची रीतच होती. पेशावरचे युसूफ खान १९४४ साली ‘ज्वार भाटा’ या चित्रपटातून पडद्यावर आले ते दिलीप कुमार म्हणून. त्यांचे जुने नाव लोकांच्या तोंडातून जवळजवळ गेलेच. मेहबूब पटेलांचे मात्र निराळे झाले. पटेल हे आडनाव हिंदूंतही असते आणि मुसलमानांतही. त्यावरून माणसाची जात-जमात कळत नाही. ते जाऊन ‘शेख’ आले आणि शेख म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही. पहिले नाव सर्वांचे, दुसरे आपले. मला तरी या नावात काही गमावल्यासारखे वाटत नाही. वर्गातल्या दोघी-तिघींना अजून ते पटलेले नाही, आणि त्यांचे म्हणणेही खोटे नाही.

कोल्हापूरहून ते मुंबईला आले. मुंबईत त्या वेळी कापडाच्या गिरण्या जोरात होत्या. गिरणगावात सातारा, कोकण, देश सगळीकडची माणसे दाटीवाटीने राहत होती. कम्युनिस्ट पक्षाचे काम करता करता तिथे तीन शाहीर एकत्र आले : अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर. १९४४ च्या सुमारास त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. बावटा म्हणजे झेंडा. कलापथक म्हणजे गाणी, पोवाडे, नाटुकली करून लोकांना जागे करणाऱ्यांची टोळी.

या तिघांची घरे पाहिली तर एका अंगणात खेळणारी ही मुले नव्हेत. अण्णा भाऊ वाटेगावचे, मातंग समाजात जन्मलेले. शाळा त्यांना जवळजवळ मिळालीच नाही. गावाहून बापाबरोबर पायी चालत ते मुंबईला आले होते. अमर शेख बार्शीचे मुसलमान. गव्हाणकर स्वतः रचना करणारे आणि गाणारे. लेखणी मुख्यतः अण्णा भाऊंची. स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी रचलेला पोवाडा गिरणगावात गाजला. आवाज अमर शेखांचा. तो पहाडी होता असे सगळे लिहितात. पहाडी आवाज म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे. डोंगराच्या या कड्यावरून त्या कड्यावरच्या माणसाला हाक मारावी तसा तो स्पष्ट पोहोचला पाहिजे. मैदानात हजारो माणसे बसलेली असत आणि पुष्कळांना वाचता येत नसे. त्यांच्यासाठी वर्तमानपत्र, पुस्तक आणि नाटक हे सगळे त्या एका आवाजातून येत होते.

असे दिवस फार टिकले नाहीत. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली. तमाशावर बंदी आली तेव्हा अण्णा भाऊंनी त्याच खेळाला ‘लोकनाट्य’ म्हटले आणि खेळ चालू ठेवला. या युक्तीचे मला मोठे कौतुक वाटते. पण पथक पहिल्यासारखे राहिले नाही, ते विखुरले. पुढे अमर शेखांचे स्वतःचे कलापथक झाले. अण्णा भाऊ कथा-कादंबऱ्यांकडे अधिकाधिक वळले. १९५९ साली त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी आली आणि तिला राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला.

गाणाऱ्यांच्या मंडळीत असे होतेच. विलायतेतल्या लिव्हरपूल शहरातील ‘बीटल्स’ या चार तरुणांच्या मंडळीने जग वेडे केले, पण १९६२ साली त्यांनीही आपला ढोल वाजवणारा बदलला आणि १९७० पर्यंत चौघे चार दिशांना गेले. आपल्याकडची नाटक मंडळी, तमाशाचे फड, कव्वालीच्या पार्ट्या यांचेही तेच. फरक इतकाच की बीटल्सची फूट वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापली. आपल्या शाहिराच्या मागचा झीलकरी एके दिवशी गिरणीत पाळी बदलली म्हणून येईनासा होतो. त्याच्या जागी दुसरा उभा राहतो आणि ते कोणी लिहून ठेवत नाही.

विखुरलेली ही माणसे एका मोठ्या कारणासाठी पुन्हा एका व्यासपीठावर आली. ते कारण म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. मराठी बोलणाऱ्यांचे एक राज्य व्हावे आणि मुंबई त्यात असावी ही मागणी होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला, माणसे मेली. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्यानंतरच्या चार वर्षांत सभा म्हटली की आधी शाहीर आणि मग पुढारी, असे ठरूनच गेले होते. अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर यांच्याबरोबर आत्माराम पाटील, शाहीर साबळे असे इतर शाहीरही त्या काळी गात होते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. त्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले.

आमच्या मोहल्ल्यात एक वृद्ध चाचा आहेत. लहानपणी ते बोटीने मुंबईला गेले आणि गोदीत कामाला लागले. माझगावला गावकऱ्यांच्या खोलीत वीस-बावीस जण राहत असत. १९५७ च्या सुमारास एका सभेत त्यांनी अमर शेखांना ऐकले होते. मी त्यांना गाण्याचे शब्द विचारले. ते त्यांना आठवेनात. पण ते म्हणाले, “मध्येच भोंगा बंद पडला, तरी त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. आणि मागे चौघे जण होते. त्यातला एक माझ्याच वयाचा पोरगा. झांज वाजवत होता. शेखसाहेब थांबले की तो असा काही उसळून म्हणायचा! मला तर त्याचाच चेहरा जास्त आठवतो.” एवढे बोलून चाचांनी हाताने झांज वाजवून दाखवली.

त्या सभांत गाजलेली अण्णा भाऊंची एक रचना आहे, ‘माझी मैना’. एक माणूस पोटासाठी मुंबईला येतो आणि त्याची बायको गावी राहते. तो तिची आठवण काढतो. शेवटी शेवटी शाहीर सांगतात की बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे मराठी मुलूखही असेच आपल्यापासून तुटून दूर राहिले आहेत. अभ्यासक या गाण्याविषयी लिहिताना राज्याच्या सीमेविषयी अधिक लिहितात. मला मात्र त्या मागे राहिलेल्या बाईविषयी अधिक वाटते. आमच्या किनाऱ्यावर ती घरोघरी आहे. आजोबा मुंबईच्या गोदीत किंवा जहाजावर, वडील कुवेतला, भाऊ कतारला. आणि घरी नारळी-सुपारीच्या सावलीत आजी, आई, वहिनी. पूर्वी महिन्याने पत्र येई, आता रोज मोबाइलवर चेहरा दिसतो. पण ईदच्या दिवशी ताटावर माणूस नसतो तो नसतोच. मी हे गाणे वर्गात समजावून सांगितले तेव्हा सीमाप्रश्न मुलांना दोनदा सांगावा लागला. मैना कोण, हे एकदाही सांगावे लागले नाही.

झील म्हणजे काय हेही आमच्या मुलींना फारसे शिकवावे लागत नाही. लग्नघरात हळदीच्या रात्री बायका ढोलकी घेऊन बसतात. एक वडीलधारी बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या ती झेलतात. म्हणणारी बाई थकली की दुसरी पुढे सरकते आणि गाणे चालू राहते.

राज्य झाले, सभा ओसरल्या आणि शाहिरांचे दिवस पालटले. ज्यांच्या गाण्याने मैदाने भरली, त्यांना त्यानंतर फार सुखाचे दिवस आले असे नाही. अण्णा भाऊ तर गरिबीतच राहिले. अमर शेख आपल्या कलापथकासह गात राहिले. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा जवानांसाठी निधी गोळा करायला त्यांनी आपला आवाज कामी लावला. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. ते नुसते गायक नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले. गाणारा माणूस मोठा झाला की त्याच्या लिहिण्याकडे लोकांचे लक्ष राहत नाही. अमर शेखांच्या कवितेवर तसा थोडा अन्याय झाला आहे असे मला वाटते.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ साठे मुंबईत वारले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेखांचा मृत्यू झाला. ते त्रेपन्न वर्षांचेही झाले नव्हते. तिघांतले दोघे एकाच पावसाळ्यात गेले.

मुंबई विद्यापीठात आज शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे. तिथे लोककलेचा अभ्यास होतो. त्यांच्या कन्या मराठीतल्या नामवंत कवयित्री आहेत. वडिलांना कोल्हापुरात मिळालेले ते नाव त्यांनी आपल्या नावापुढे पुरतेच ठेवले आहे, अमरही आणि शेखही : मलिका अमर शेख.