चौदा फेब्रुवारीचा संत

आमच्या भिवंडीला उत्सवांची वाण कधी पडली नाही. दिवाणशहांचा उरूस आहे, गणपती आहेत, पद्मशाली विणकरांचे मार्कंडेय ऋषी आहेत. आणि मागांच्या खडखडाटावर मात करील एवढा आवाज प्रत्येकाला हवाच असतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या यादीत आणखी एका दिवसाची भर पडली. फेब्रुवारीची चौदा तारीख जवळ आली की नाक्यानाक्यावर लाल फुगे लटकू लागतात, आणि एरवी देवाला वाहिला जाणारा गुलाब एकाएकी भाव खाऊ लागतो. दिवाळीच्या फराळाबरोबर फेब्रुवारीचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. आमच्या गावात कुठलाच उत्सव दुसऱ्यापासून फार लांब नसतो.

काही वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी मला बोलावून एक सूचना लिहून द्यायला सांगितले. शाळेत कोणाला काही लिहून हवे असले की ते काम माझ्याकडे येते. कादंबऱ्या छापून येण्याचा हा एक तोटा. मजकूर त्यांनीच सुचवला होता : हा परकीयांचा ख्रिस्ती सण आहे, आपल्या संस्कृतीत त्याला स्थान नाही, तरी विद्यार्थ्यांनी वगैरे वगैरे. कागद घेऊन मी शिक्षकांच्या खोलीत आलो. तेथे आमच्या चित्रकलेच्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या. बाई वसईच्या, पिढ्यान् पिढ्यांच्या कॅथलिक. रोज दिव्याच्या गाडीने येऊन भिवंडी रोडला उतरतात. मी पहिले वाक्य मोठ्याने वाचले, तशी त्या मान वर न करताच म्हणाल्या,

"सर, 'ख्रिस्ती' तेवढं खोडा."

"का? वाईट वाटलं?"

"वाईट कसलं! आमच्या देवळात त्या दिवशी त्याचं नावसुद्धा निघत नाही."

वसईची ही मंडळी चर्चला देऊळच म्हणतात, आणि मला ते फार आवडते.

बाईंचे म्हणणे खरे निघाले, पण अर्धेच. व्हॅलेंटाइन हा कॅथलिकांचा संत खराच. तिसऱ्या शतकात रोममध्ये तो धर्मासाठी मारला गेला आणि शहराबाहेर, फ्लामिनिया नावाच्या रस्त्यालगत त्याला पुरले. पुढच्या शतकात पोप पहिले ज्यूलियस यांनी तेथे चर्च बांधले. झाले! पक्के असे एवढेच. तो एक होता की दोन, हेही नक्की नाही. कारण रोमचा एक धर्मगुरू आणि तेर्नी गावचा एक बिशप, दोघांचे नाव तेच, तारीख तीच आणि रस्ताही तोच. सैनिकांची चोरून लग्ने लावली, तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलीला चिठ्ठी लिहिली, या कथा मागाहून जोडलेल्या. त्या जोडणाऱ्यांबद्दल मला मात्र आपुलकी वाटते. रिकामी जागा दिसली की कादंबरीकाराचे हात शिवशिवतातच.

मग प्रेम कोठून आले? ते आले एका कवीकडून. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या चॉसरने पाखरांच्या सभेवर एक काव्य रचले. त्यात सारी पाखरे या संताच्या दिवशी जमतात आणि आपापला जोडीदार निवडतात. संत जाऊन तोवर हजार वर्षे उलटली होती. बिचाऱ्याला हा सारा संसार मरणोत्तर लाभला.

उरलेली गोष्ट १९६९ सालची. पोप सहावे पॉल यांनी सणांच्या पंचांगाची साफसफाई केली, आणि ज्यांच्याविषयी फारसे काही ठाऊक नाही अशा कित्येक संतांना साऱ्या जगासाठीच्या यादीतून वगळले. त्यात व्हॅलेंटाइनही गेला. संतपद राहिले, हुतात्म्यांच्या यादीतले नाव राहिले, तेर्नीत त्याचा सण राहिला. पण वसईच्या देवळातून तो उठला तो असा. आणि गंमत पाहा, या बदलाच्या फर्मानावर तारीख आहे १४ फेब्रुवारी १९६९! त्याच्या जागी आले सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ. नवव्या शतकात त्यांनी स्लाव लोकांना त्यांच्या भाषेसाठी लिपी दिली. त्यांतला सिरिल १४ फेब्रुवारी ८६९ रोजी वारला. म्हणजे ज्या दिवशी आम्ही मास्तर मुलांची दप्तरे झडतो, तो दिवस चर्चच्या लेखी मुळाक्षरे घडवणाऱ्यांचा आहे.

पण माझे मन घोटाळत राहिले ते निराळ्याच ठिकाणी. चौदा फेब्रुवारी हा व्हॅलेंटाइनचा जन्मदिवस नव्हे की लग्नदिवस नव्हे. ती त्याची पुण्यतिथी. कॅथलिक लोक संताचा सण बहुधा त्याच्या मृत्यूच्या दिवशी करतात, आणि त्या दिवसाला लॅटिनमध्ये म्हणतात मात्र जन्मदिवस, स्वर्गातला जन्म! हे ऐकून महाराष्ट्रातल्या माणसाला नवल वाटायचे कारण नाही. आपण देहूला जातो ते तुकोबांच्या बीजेला, आळंदीला जातो ते माउलींच्या समाधीला. आणि आमच्या गावातला उरूस? अरबी भाषेत त्या शब्दाचा अर्थच मुळी लग्न. अवलिया देह ठेवतो तो आपल्या प्रियतमाला भेटायला, म्हणून मरणाच्या दिवशी चादर, फुले आणि कव्वाली. प्रेम आणि पुण्यतिथी यांची सांगड घालायला आम्हाला चॉसरची गरज नव्हती.

बाईंच्या वसईतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा असाच एक. जपानात नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवले. १८६२ साली तो संत झाला. व्हॅलेंटाइनच्या आधी आठवडाभर त्याचा दिवस येतो. त्याच्याविषयी कितीतरी ठाऊक आहे, वसईत त्याच्या नावाचे कॉलेज आहे. पण त्याच्या नावाने कोणी फुगा विकत नाही.

माझी सूचना अशी अर्धवट पडली असतानाच, तेरा तारखेला दहावीतल्या एका मुलीच्या वहीत कार्ड सापडले. हाताने रंगवलेले, मध्ये दोन चिमण्या, कडेने वेल. आत नाव नव्हते, आणि ती सांगेना. बाप यंत्रमागावरचा कामगार, रात्रपाळी करून तसाच शाळेत आला. नाव काढून द्या म्हणाला. तेलंगणात गावी सोयरीक पाहूनच ठेवली होती, परीक्षेचे काय करायचे आहे? मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले.

"अण्णा, जरा बसा तर खरे," मी म्हटले आणि चहा मागवला.

तो बसला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "सर, हे उद्याचं आहे तरी काय?"

"एका साधूची पुण्यतिथी आहे."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिले. मी थट्टा करीत नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाला, "मग शाळेला सुट्टी का नाही?"

याचे उत्तर आम्हा कोणाकडेच नव्हते. तेवढ्यात बाईंनी टेबलावरचे कार्ड उचलून त्याच्या हातात दिले. तो ते फाडणार असे मला वाटले. पण चिमण्यांवरून त्याची नजर कडेच्या वेलीवर गेली आणि तेथेच थांबली. वेलीवरून त्याने अंगठा फिरवला. कापडाचा पोत पाहावा तसा.

"ही किनार हिला कोणी शिकवली?"

"मी नाही हो," बाई म्हणाल्या.

"माझ्या आजाच्या हातमागावर अशी किनार निघायची. साडीची." मुलीकडे वळून तो तेलुगूत काहीतरी बोलला. तिने मान हलवली. पुन्हा तो बोलला, या वेळी जरा हळू, आणि तिने दोन बोटांनी हवेत वेलीचे एक वळण काढून दाखवले.

सूचना मी दोन ओळींची लिहून दिली. तीत परीक्षेचे वेळापत्रक होते. कार्ड बाप घडी न घालता घेऊन गेला, आणि मार्चमध्ये मुलगी परीक्षेला बसली.