डोळ्यातला पिवळेपणा

आषाढात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली आणि घरची भिंत पाहून दचकलो. मी जिला मलई म्हणत होतो ती पांढरी निघाली. उजवा डोळा झाकला की पांढरी, डावा झाकला की मलई. डॉक्टर म्हणाले, पिकलेलं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग अडवतं.

तेव्हापासून मी रंगवलेली एक खोली डोक्यातून जात नाही. आमच्या पालम गावातलीच. पुढे पत्र्याची पडवी, मागे शेजाऱ्याची भिंत, उजेडाला फक्त दार. तिथल्या सुनेला मोरपंखी रंग हवा होता. मी म्हणालो, "ताई, गडद दिला तर खोलीची कोठी होईल." तिनं मुकाट ऐकलं. गावात रंगाच्या बाबतीत माझा शब्द खाली पडत नाही, आणि मला त्याची चटक लागली होती. मी क्रीम दिला.

परवा मुद्दाम जाऊन आलो. क्रीमची राख झाली आहे. फिका रंग उजेड परत फेकतो, पण आधी तो मिळायला तर हवा! नाही मिळाला की कोपरे ओल धरल्यासारखे दिसतात. गडद रंग अंधारातही आपला राहतो. मोरपंखी मला काळाच दिसत असणार, आणि तो दोष मी तिच्या आवडीला लावला.

जुन्या माळवदाच्या घरांत हा वादच नव्हता. वर नीळ टाकलेला चुना, खाली हातभर काव. काळ्या रानातला चिखल पायाबरोबर घरात येणारच, तो कावेत जिरायचा. ओला चुना भिंतीवर दिसतही नाही, वाळला की पांढरा होतो. आजचा रंग वाळताना उलट गडद होतो. म्हणून वाळल्याशिवाय बोलायचं नाही, हे आम्ही शिकलो. आताची पोरं मोबाईलवर फोटो रंगवून दाखवतात. शेडकार्डावरचा तुकडा बोटाएवढा. चार भिंती समोरासमोर आल्या की एकमेकींवर रंग टाकतात आणि फिक्या पिवळ्याचीही हळद होते. हे मोबाईलला कोण सांगणार?

ताईंना शब्द देऊन आलोय. दिवाळीआधी मागची भिंत मोरपंखी, मजुरी घेणार नाही. उजव्या डोळ्याची तारीख अजून लागायची आहे. तोवर शेड ठरवताना मी तो झाकून घेतो.