ड्रिलचा फवारा

कानाचं ऑपरेशन म्हणजे ओटीत ‘हलकं काम’: रक्त थोडं, जखम कानामागे दोन-तीन इंचांची. मला हे निम्मंच पटतं. सडलेला कान साफ करताना मास्टॉइडचं हाड ड्रिलने कोरावं लागतं. ड्रिलचा बर, म्हणजे कोरणारं टोक, मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि त्याच्या उष्णतेने चेहऱ्याची नस भाजू नये म्हणून सलाइन सोडत राहावं लागतं. पाणी, रक्त आणि हाडाच्या भुग्याची गुलाबी पेज सक्शन ओढून घेतं, पण सगळी नाही. ड्रिलिंग संपल्यावर मायक्रोस्कोपचं भिंग बघावं, बारीक ठिपक्यांनी ते धुरकटलेलं असतं. तेच ठिपके सर्जनच्या कपाळावर आणि सिस्टरच्या बाह्यांवरही पडतात. न दिसणारे हवेत राहतात.

कोविडमध्ये याची धास्ती पहिल्यांदा सगळ्यांनी घेतली. 2020 मध्ये अमेरिकेत कोविडने दगावलेल्या तिघांच्या कानांची तपासणी झाली, तेव्हा दोघांच्या मास्टॉइड किंवा मध्यकर्णात विषाणू सापडला. घसा आणि मध्यकर्ण एकाच नळीने जोडलेले असल्यामुळे त्यात नवल नव्हतं. त्या काळात मायक्रोस्कोपच्या भिंगाभोवती पारदर्शक ड्रेप बांधून तो पेशंटच्या डोक्यावर तंबूसारखा सोडायचा, आत दुसरं सक्शन लावायचं, अशी पद्धत निघाली. साथ ओसरली, तंबूही गेला. माझा आक्षेप इथेच आहे, कारण फवारा कोविडने आणलेला नव्हता.

‘पेशंटचे रिपोर्ट निगेटिव्ह असतात की!’ असतात, पण एचआयव्ही आणि काविळीचे, आणि तेही विंडो पीरियडमध्ये, म्हणजे लागणीनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत, फसवे असू शकतात. कानाचा क्षय बऱ्याचदा ऑपरेशननंतर, बायोप्सीतच कळतो. मग एन95 आणि गॉगल पुरे नाहीत का? मास्क हवाच. गॉगलची अडचण मात्र खरी आहे: डोळा आयपीसपासून लांब राहतो, दिसणारं क्षेत्र आक्रसतं आणि नस तर मिलिमीटरवर असते. म्हणूनच अडवायचं ते फवाऱ्याच्या उगमाशी. तंबूत हत्यारं देताना सिस्टरचा हात अडखळतो, हेही मान्य. पण तंबू ड्रिलिंगपुरताच लागतो. कानाचा पडदा बसवताना तो काढून टाकावा, मात्र आधी सक्शन थोडा वेळ चालू ठेवून. खर्चाचं म्हणाल, तर मायक्रोस्कोपचा ड्रेप तसाही उघडतोच.

शिवाय तंबू नसला की फवारा सर्जनपाशीच थांबत नाही. हेपॅटायटिस बी वाळलेल्या डागातही किमान सात दिवस टिकतो, आणि मायक्रोस्कोपचा दांडा पुसायला येतो तो वॉर्डबॉय. त्याचे हेपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत का, हे ओटीच्या कुठल्याच रजिस्टरात नसतं.